रापणीसारखी वाचलेली सुरा

त्या दिवशी बाजार उघडला नाही. सकाळी माझा नवरा झोपेतच वारला. संध्याकाळी आम्ही त्याला चर्चच्या मागे पुरलं. त्याचा मित्र वाळूवरून चालत आला, माती देऊन गेला, आणि त्यानंतर आमच्या घरी आला नाही.

बाकीचं मला हळूहळू कळत गेलं, ओहोटीला एकेक खडक वर यावा तसं. आमच्यात प्रेतावर एकेक मूठ माती टाकतात. त्या मित्राने, भाईंनी, तीन मुठी टाकल्या. त्यांच्यात तशी रीत आहे. तिसरी मूठ टाकताना त्यांचा हात हवेत जरा थांबला होता, एवढं मला आठवतं. मग गर्दीतून मी त्यांना शोधलं तेव्हा ते फाटकाबाहेर पडलेले होते. रस्त्यावर पोलिसांची गाडी उभी होती, म्हणून पुन्हा किनाऱ्याची वाट धरली असावी.

भाई म्हणजे माझ्या नवऱ्याचे शाळेतले सोबती. हा गणित शिकवायचा, ते हिंदी. लहानपणी एकाच वर्गात होते, मग एकाच शाळेत मास्तर झाले, निवृत्तही मागेपुढे झाले. त्यांचं घर मशिदीपलीकडे, किनाऱ्याला लागून; आमचं माडांच्या आतल्या बाजूला, क्रुसाजवळ. दर गुरुवारी दुपारी भाई आमच्या ओसरीवर यायचे. झोपाळ्याची एक कडी करकरायची, आणि ती करकर थांबली की समजायचं, दोघं काहीतरी वाचताहेत.

हे वाचन सुरू झालं ते माझ्यामुळे. मी कुडाळच्या कॉलेजात मराठी शिकवत होते. अभ्यासक्रमात संरचनावादावर एक प्रकरण होतं. पोरं त्या तासाला पेंगायची, आणि पेंगणाऱ्या पोरांपुढे अडखळायला नको म्हणून मी आदल्या दिवशी ओसरीवर टिपणं मोठ्याने वाचायची. वाक्याचा अर्थ एकट्या वाक्यात नसतो. तो कुठे आहे, त्याच्या शेजारी काय आहे, त्याच्या समोर काय आहे, यावर तो ठरतो. कथेत जे सुरुवातीला येतं त्याचं उत्तर पुष्कळदा शेवटी असतं. गोष्टीला हाडं असतात आणि ती मोजता येतात.

“म्हंजे भूमिती,” माझा नवरा आतून म्हणाला.

“भूमिती नव्हे. वाङ्मय.”

“तां तू म्हणतंस. माका भूमिती दिसता.”

दुसऱ्या दिवशी त्याने ते सगळं भाईंना किनाऱ्यावर सांगितलं. काय सांगितलं देव जाणे. पण गुरुवारी भाई आले ते खिशात चष्म्याबरोबर एक विचार घेऊन. म्हणाले, “मास्तर, आमच्या कुराणात एक सुरा आसा, म्हंजे अध्याय. सुरवातीपासून शेवटपर्यंत एकच गजाल. तिका तुझी भूमिती लावन बघूया?”

ही त्या मुलाची गोष्ट, ज्याला स्वप्नात अकरा तारे, सूर्य आणि चंद्र आपल्यापुढे वाकलेले दिसतात. भाऊ त्याला विहिरीत टाकतात आणि त्याच्या शर्टाला खोटं रक्त लावून बापापुढे आणतात. एक तांडा त्याला काढतो, परदेशात विकतो. तिथे मालकाची बायको त्याच्या मागे लागते, तो पळतो, शर्ट मागून फाटतो. मग तुरुंग. तुरुंगात तो इतरांच्या स्वप्नांचे अर्थ सांगतो. पुढे राजाचं स्वप्न उलगडून दुष्काळातून देश वाचवतो. भाऊ धान्य मागायला येतात, तो ओळख देतो, माफ करतो. रडून आंधळ्या झालेल्या बापाकडे आपला शर्ट पाठवतो. शर्ट अजून वाटेत असतानाच बापाला मुलाचा वास येतो, आणि तो चेहऱ्यावर पडताच डोळे परत येतात. शेवटी पहिलं स्वप्न खरं होतं.

“ह्या आमच्यातय आसा,” माझा नवरा म्हणाला. “रंगीत झगो.”

“तुमच्यात झगो. आमच्यात शर्ट.”

“मेल्या, त्या काळात शर्ट खंयसून इलो?”

“कमीज म्हटलेला आसा. कमीज म्हंजे काय तुझी बंडी?”

दोघं लहान मुलांसारखे भांडले. मी आत चहा टाकला. मला वाटलं, दोन गुरुवारांत हे संपेल.

ते संपलं नाही, कारण मध्ये रापण आली. आमच्याकडे पाऊस सरला की किनाऱ्यावर रापण लागते. होडी एक दोर वाळूवरच्या माणसांच्या हातात ठेवून निघते, पाण्यात मोठा वळसा घालत जाळं सोडत जाते, आणि दुसरा दोर बऱ्याच लांब, किनाऱ्याच्या दुसऱ्या जागी आणून देते. मग दोन्हीकडे माणसं रांगेत उभी राहून ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकत येतात. सगळ्यात शेवटी जाळ्याचा मधला झोळ वर येतो, आणि मासळी त्यात असते. एका बाजूने घाई केली की जाळं तिरकं होतं आणि मासे निसटतात. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. हात कुणाचा, ते बघत नाहीत. माझा नवरा आणि भाई लहानपणापासून त्या दोराला लागत आलेले. निवृत्तीनंतर त्यांच्या ओढण्याने जाळं कितीसं सरकत होतं कोण जाणे, पण वाटा यायचा.

त्या दिवशी माझा नवरा ओल्या पायांनी घरात आला आणि दारातूनच म्हणाला, “सापडला! सुरवातीकडसून वाचूचा नाय. दोन्ही टोकांकडसून वाचूचा.”

त्याने सुरुवातीचा दोर घेतला, भाईंनी शेवटचा. एका गुरुवारी याने मराठी भाषांतरातून पहिला भाग वाचायचा आणि त्यांनी शेवटचा. पुढच्या गुरुवारी याचा दुसरा, त्यांचा शेवटून दुसरा. ज्याने त्याने आपला भाग आपल्या अक्षरात पानावर लिहून ठेवायचा. घाई करायची नाही. एकाने दोन भाग पुढे जायचं नाही. मध्यावर काय आहे ते आधी बघायचं नाही. भाईंना ते पाठ होतं, पण त्यांनीही न बघितल्यासारखं करायचं ठरलं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूचे तुकडे कापून माझा नवरा त्यांच्यावर भागांची नावं लिहायचा आणि ओसरीच्या लादीवर घोड्याच्या नालासारखे मांडायचा. पहिल्याच दिवशी भाई अस्वस्थ झाले.

“जमनीर नको रे, मास्तर.”

“ह्ये खंय कुराणातले शब्द? माझे शब्द ह्ये. ‘विहीर’. ‘शर्ट’.”

“तरीय. पायाखाली नको.”

मग जेवणाचं टेबल ओसरीवर आलं. तेव्हापासून आम्ही गुरुवारी स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवू लागलो. टेबल त्या सुरेचं झालं. वाऱ्याने तुकडे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर शिंपले ठेवलेले असायचे, आणि कलत्या उन्हात ते शिंपले असे चमकायचे, जणू कुणी पाण्याखाली एक गाव मांडून ठेवलं आहे आणि आपण वरून होडीतून बघत आहोत.

समोरासमोरचे तुकडे बोलू लागले. इकडे पाहिलेलं स्वप्न, तिकडे खरं झालेलं स्वप्न. इकडे भावांचं कारस्थान, तिकडे भावांची कबुली. इकडे एक बाई दारं बंद करून खोटं बोलते, तिकडे तीच बाई सर्वांपुढे खरं सांगते. इकडे खोट्या रक्ताचा शर्ट बापाला रडवतो, तिकडे दुसरा शर्ट त्याचे डोळे परत देतो. आणि या दोन शर्टांमध्ये फाटलेला तिसरा शर्ट, जो नुसतं खरं काय ते सांगतो. जोडी जुळली की माझा नवरा टेबलावर बोटाने टकटक करायचा. भाई टकटक करत नसत. ते चष्मा काढून डोळे पुसत आणि ती ओळ पुन्हा अरबीत म्हणत, हळू, स्वतःशी. ते हाडं मोजत नव्हते. घरातच नवीन खोली सापडावी तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मला अरबी येत नाही. पण ती दुपार, माडांच्या झावळ्यांची सळसळ, तो खालचा आवाज आणि लांबून येणारी गाज, यांतून मला जाग आणि झोप यांच्यामधलं काहीतरी लागायचं. मी त्या ओसरीवर पुष्कळदा डुलकी घेतली आहे आणि त्या मुलाची गोष्ट डुलकीतही ऐकली आहे. आता नेमकं काय वाचलं आणि काय स्वप्नात पाहिलं ते सांगता येत नाही.

गावच्या वाचनालयाने दोघांना बोलायला बोलावलं. मग हवा पालटू लागली. लांब कुठेतरी काही झालं की त्याची चित्रं इथल्या फोनांवर फिरू लागली. रिक्षा स्टँडवर आधी मागचं-पुढचं बघून लोक बोलू लागले. भाईंच्या मोहल्ल्यातून कुणी त्यांना विचारलं, आपल्या किताबावर तो किरिस्ताव मास्तर गोल कसले काढतो? आमच्याही एका नातेवाइकाने विचारलं, तुमच्या ओसरीवर दर आठवड्याला काय चालतं? वाचनालयाचे चिटणीस घरी येऊन गेले. जाताना म्हणाले, “वातावरण जरा निवळू द्या. मग घेऊच.” ते चांगले गृहस्थ आहेत. कपात चहा तसाच टाकून गेले.

मग ते वाक्य आलं. कुराणातलं एकच वाक्य, लाल अक्षरांत, मागे आगीचं चित्र. वेगवेगळे पुष्कळ देव बरे, की एकच सर्वशक्तिमान बरा, असा प्रश्न. कुणी विचारला, कुणाला, कुठे, काही नाही. खाली लिहिलेलं, बघा हे आपल्या देवांबद्दल काय म्हणतात. त्याला कुणी उत्तर दिलं, उत्तराला आणखी कुणी. एका दुकानाच्या पाटीवर दगड पडला. बाजार बंद राहिला, तो माझा नवरा वारला त्या दिवशी.

त्याच्या आदल्या गुरुवारी हे दोघे टेबलाशी बसले होते. माझा नवरा सुरुवातीकडून विहीर, तांडा, बंद दारं आणि त्या मुलाचं रूप बघून भान हरपून सुरीने हात कापून घेणाऱ्या बायका ओलांडून आला होता. भाई शेवटाकडून माफी, धान्याची कोठारं, त्या बाईची कबुली आणि राजाचं स्वप्न ओलांडून आले होते. मध्ये एकच तुकडा पालथा होता. तुरुंग. आणि फोनवर फिरणारं ते वाक्य त्या तुरुंगातलं होतं. भाईंनी तो तुकडा उलटू दिला नाही.

“ऱ्हवांदे, मास्तर. आता नको.”

“आता इतको ओढलो, आनी झोळ पाण्यातच ठेवचो?”

“माका माझ्या घरातल्यांचो इचार करूक व्हयो.”

माझा नवरा झोपाळ्यावर जाऊन बसला. झोपाळ्याची कडी पुन्हा करकरू लागली. असे दोघे तुरुंगाच्या दोन दारांशी उभे राहिले, आणि मग एकाने आपल्या दाराशी असताना प्राण सोडला.

नंतरचे आठवडे मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. गोव्याहून माझी बहीण आली. तिने घर पुसलं, चादरी बदलल्या आणि माझ्या नवऱ्याचे सगळे कपडे धुऊन, वाळवून, घड्या करून कपाटात ठेवले. तिचा हेतू चांगला होता. ती गेल्यावर मी कपाट उघडलं तर आत नुसता ऊन खाल्लेल्या कापडाचा वास होता. मी एकेक शर्ट चेहऱ्याला लावला आणि परत ठेवला. तेव्हा मला आठवलं, एक शर्ट धुतलेला नाही. शेवटच्या रापणीच्या दिवशी लाटेने तो पुरता भिजला होता. भाईंचं घर जवळ, म्हणून तिथे जाऊन कपडे बदलले आणि भाईंच्या कुडत्यात घरी आला. मी हसले होते. शर्ट तिथेच राहिला होता.

पण मागायला जाणार कशी? भाई येत नव्हते. गुरुवार यायचा, मी टेबल पुसायची, शिंपले उचलून पुन्हा ठेवायची. पालथा तुकडा मी उलटला नाही. मला एकच हवं होतं: भाईंनी यावं आणि ते वाचन मध्यापर्यंत न्यावं. माझ्या नवऱ्याच्या बाजूचा दोर मी धरायला तयार होते. पण दोन्हीकडे माणसं असल्याशिवाय रापण लागत नाही. मला त्या दिवसांत एकच स्वप्न पडायचं. मी वाळूवर दोर ओढते आहे, दोर येत राहतो, ओला, अखंड, पायाशी वेटोळी वाढत जातात, आणि लांब, जिथे दुसरी रांग असायला हवी तिथे, नुसता किनारा.

एका सकाळी शेजारीण आली. तिचा दीर आणि मुलगे रापणीवर असतात. ती स्वतः मासळी विकते, आणि तिचा आवाज क्रुसापाशी पोचला की मग ती स्वतः पोचते.

“टीचर! गो, दार उघडा! मास्तराचो वाटो घेवा.”

“मास्तर कुठे आहे आता?”

“नसांदे. बाईमाणूस घरात एकटा उरला तर वाटो बंद होयत नाय आमच्यात. आदी खावा, मागसून रडा.” तिने टोपलीतून बांगडे काढले, आणि मग आणखी काढले. “आनी ह्ये भाईंचे.”

“भाई आले होते ओढायला?”

“खंय येतत! तोंड लपवन बसलेत जणू ह्येनीच दगड मारलानी. किती वर्षां दोराक हात लावलो त्या माणसान. वाटो नाय कसो? पण मी थय गेलंय तर आमचे पोरगे उगीच तोंड करतले. तुमी जावा. तुमी किरिस्ताव, तुमका कोण इचारता!”

अशा रीतीने मी बांगडे घेऊन भाईंकडे गेले. किनाऱ्याच्या वाटेनेच गेले. पाणी सपाट होतं, आकाशाच्याच रंगाचं, आणि कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते दिसत नव्हतं.

भाई पडवीत बसले होते. मला बघून उठले आणि उभेच राहिले.

“वाटा आणलाय,” मी म्हटलं.

त्यांनी बांगड्यांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “आमचो?”

“तुमचा.”

“वयनी, मी येवक नाय, कारण तुमच्या दारात मी दिसलंय तर तुमकाच तरास.”

“मला कसला त्रास, भाई? माझ्याकडे आता नेण्यासारखं काय उरलंय?”

आतून त्यांच्या पत्नी आल्या, माझा हात हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग काहीतरी आठवल्यासारख्या लगबगीने आत गेल्या आणि दोन्ही हातांवर शर्ट घेऊन आल्या. माझ्या नवऱ्याचा निळ्या रेघांचा शर्ट. धुतलेला, नीळ दिलेला, कडक इस्त्री केलेला, कॉलरला किंचित खळसुद्धा.

“तेंचो राहिलेलो,” त्या म्हणाल्या. “चांगलो करून ठेवलंय.”

भाईंचं लक्ष शर्टाकडे गेलं. मग माझ्या चेहऱ्याकडे.

“धुतलंस?” त्यांनी पत्नीला विचारलं.

“मग? तसोच देतलंय? खारां पानी, माशांचो वास, सगळो मळलेलो...”

त्या थांबल्या. आम्हा दोघांच्या चेहऱ्यांवर काय होतं ते त्यांना कळेना. मी शर्ट घेतला आणि त्यांच्यासमोरच चेहऱ्याला लावला. लाज वाटली नाही. साबणाचा वास आला, त्यांच्या घरचा, लिंबासारखा. बाकी काही नाही.

भाई खांबाला टेकून खाली बसले. “वयनी,” ते म्हणाले, “इतके महिने आमी काय वाचलां?”

त्यांचा आवाज इतका खरा होता की मला हसू आलं. हसताना रडू आलं, ते थांबेना. त्यांच्या पत्नीला मग भाईंनी शर्टाची गोष्ट सांगितली, म्हणजे त्यांना ती ठाऊक होतीच. पण आपल्या दोरीवर वाळत घातलेला शर्ट त्या गोष्टीतला आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या बिचाऱ्या तोंडावर पदर धरून “या अल्ला, या अल्ला” म्हणत राहिल्या. मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनी तो प्रेमाने धुतला होता. माझ्या बहिणीनेही तेच केलं होतं.

निघताना भाई फाटकापर्यंत आले. “गुरवारी येतंय,” एवढंच म्हणाले.

आणि आले. समोरच्या रस्त्याने आले, किनाऱ्याने नाही. टेबलाशी बसले. माझ्या नवऱ्याच्या खुर्चीत मी बसले. पालथा तुकडा मी उलटला आणि भाईंनी वाचायला सुरुवात केली.

तुरुंगात तीन माणसं आहेत. दोघांनी रात्री स्वप्नं पाहिली आहेत आणि ते घाबरले आहेत. एक स्वप्नात द्राक्षं पिळतो आहे. दुसऱ्याच्या डोक्यावर भाकऱ्या आहेत आणि पाखरं त्या खाताहेत. तिसरा म्हणतो, जेवण यायच्या आत मी अर्थ सांगेन. पण आधी तो स्वतःचं सांगतो, आपल्या बापाचं, आजाचं, आपल्या एका ईश्वराचं. तिथे ते वाक्य येतं. प्रश्नाआधी तो त्यांना हाक मारतो: तुरुंगातल्या माझ्या सोबत्यांनो. मग तो स्वप्नांचे अर्थ सांगतो. एक सुटतो. सुटलेला त्याला विसरतो. आणि वाक्य बोलणारा आणखी काही वर्षं आतच राहतो.

मी लिहून घेत होते. लिहिताना मी त्या वाक्यापाशी थांबले आणि शेजारी दोन ओळी लिहू लागले, की यात कुणाचा अवमान नाही, हा नुसता विचारण्याचा एक प्रकार आहे. भाईंनी हात आडवा धरला.

“तां गोड करू नका, वयनी.”

“पण लोक...”

“तो एकच म्हणता. मीय एकच म्हणतंय. तुमी तिगांक मिळान एक म्हणतास, शेजारणीकडे कोटी आसत. तां वेगळाच आसा. ता वेगळा नाय असा लिवलास तर मग ह्या सगळा कित्याक वाचलां?”

मी त्या ओळी खोडल्या. खरं तर त्यांचं बरोबर होतं. माझ्या टिपणांत तेच लिहिलं होतं आणि मी पोरांना तेच शिकवलं होतं: जागा बघा, पण जागेने शब्द पुसू नका. मी फक्त वाक्याची जागा लिहिली. बोलणारा कैदी, ऐकणारे कैदी. आधी स्वप्न, नंतर स्वप्न. अलीकडे विहीर, पलीकडे कोठार. आणि कोठाराजवळ आल्यावर मी विचारलं, “भाई, धान्य वाटताना त्याने कुणाला तुझा देव कुठला असं विचारलं?”

त्यांनी डोळे मिटून मनातल्या मनात सगळं पुन्हा म्हटलं असावं. “नाय,” ते म्हणाले. “भावांका इचारल्यान, पण बापाचा आनी भावाचा. देवाचा नाय.”

एवढ्यात क्रुसापाशी आवाज आला आणि मागोमाग शेजारीण. भाईंना बघून ती ओसरीच्या पायरीवरच बसली. “बरा झाला, इलास. माझे टाचे झिजले तुमचो वाटो पोचवन.” पोचवला होता मी. “काय वाचतास?”

भाईंनी माझ्याकडे बघितलं. टेबलावरचे शिंपले जरा हलले, वाऱ्याने. तिच्याही फोनवर ते लाल अक्षरांतलं वाक्य आलं होतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. तिच्या मुलाने ते पुढेही पाठवलं होतं. मला वाटलं, भाई आता टेबलावरून काहीतरी दुसरंच उचलतील. त्यांनी चष्मा लावला आणि तेच वाचलं, मालवणीत, कैद्यांच्या पहिल्या स्वप्नापासून, हाकेसकट, काही न गाळता.

शेजारणीने पदराने वारा घेतला. “ह्या ता फोनार इल्लेला,” ती म्हणाली.

“ताच.”

“माका नाय आवडाक. आमच्या देवांका असा म्हटलेला.”

“नाय आवडचा,” भाई म्हणाले.

“थय फोनार आग होती. हय ह्यो बंद खोलीत बसलो हा.” तिने टोपली बाजूला सरकवली. “आनी त्या दुसऱ्याचा काय झाला? भाकऱ्यावाल्याचा?”

“ताका सुळार दिलानी.”

“आनी ह्येणा ता ताच्या तोंडार सांगल्यान?”

“सांगल्यान.”

“मेलो! वायच लपवन सांगूचा. रात्री झोप इली आसतली काय त्या बिचाऱ्याक?”

भाई हसले. मूठमातीनंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. शेजारीण रागावली. “हसतास काय? एकाक मरण इला, आनी तुमका देवाची भांडणां!” मग तिने टोपली डोक्यावर घेतली आणि मुलाला घरी गेल्यावर काय सुनवायचं ते मोठ्याने म्हणत माडांमधून गेली. तिने त्याला काय सुनावलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

ती गेल्यावर आम्ही बराच वेळ त्या दुसऱ्या कैद्याबद्दल बोललो. माझ्या नवऱ्याच्या आणि भाईंच्या जोड्यांत त्याला जागा मिळाली नव्हती. तो कुणाच्या समोर नाही. त्याला जोडीदार नाही. भाई म्हणाले, मास्तर असता तर त्याने कुठूनतरी एक शोधून काढला असता. मी म्हटलं, नसता शोधला. तो गणिताचा मास्तर होता. जुळत नाही ते जुळत नाही म्हणून सोडायचा. दोघांनाही वाटलं की आपण त्याला जास्त ओळखतो. ऊन टेबलावरून उतरलं. भाईंनी शिंपले एका बाजूला केले आणि सगळे तुकडे क्रमाने गोळा केले.

वाचनालयातलं व्याख्यान झालं नाही. चिटणीस अजून कधीतरी येतात आणि निवळू द्या म्हणतात. बाजार उघडा असतो. पोलिसांची गाडी कधी असते, कधी नसते. रापणीचा वाटा दोन्ही घरी येतो आणि भाई पुन्हा दोराला लागले आहेत. निळ्या रेघांचा शर्ट कपाटात आहे. त्याला भाईंच्या घरच्या साबणाचा वास आहे. तो मी धुतलेला नाही. टेबल ओसरीवर आहे. त्यावर ती पानं आहेत: सुरुवात माझ्या नवऱ्याच्या अक्षरात, शेवट भाईंच्या, आणि मधलं पान माझ्या.